अण्णांचं हमिंग

रात्री दहाच्या सुमाराला अण्णांचा फोन आला की समजायचं, काहीतरी ऐकायला जायचं आहे. गाणं नव्हे. गाणं ऐकायला अण्णांनी आजवर कुणालाच बोलावलेलं नाही. आपण चपला काढून आत गेलो की अण्णा दार लोटून घेतात, पंखा बंद करतात, वैनींना भांडी घासायची थांबवतात आणि कपाटाच्या कडेला ठेवलेल्या काळ्या ठोकळ्यासमोर आपल्याला मांडी घालायला लावतात.

"ऐक गा."

"अण्णा, काहीच लावलेलं नाही की."

"म्हणून तर ऐक. काय लावलेलं नसताना काय येतंय ते ऐक."

कान देऊन बसलं की येतं. लांब कुठंतरी पिठाची गिरणी चालू असावी तसं, सलग, एकसुरी. "येतंय," म्हटलं की अण्णांचा चेहरा फुलतो. वर्षानुवर्षं दुखणाऱ्या पाठीला डॉक्टरनं एकदाचं नाव दिल्यावर पेशंटचा फुलतो तसा. "मला तर काही येत नाही बुवा," म्हणणाऱ्याला त्या घरात पुन्हा चहा मिळत नाही.

सरकारनं २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. त्यांत रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला बंदी आहे. अण्णांचं काम दहानंतरच सुरू होतं, तरी नियम मोडत नाही. त्यांना आवाज करायचाच नसतो. असलेला घालवायचा असतो.

आमच्या निपाणी-बेळगाव पट्ट्यात असे अण्णा गल्लीला एक तरी सापडतात. कुणी तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो, कुणी उद्यमबागेत लेथवर उभा असतो, कुणी मास्तरकीतून रिटायर झालेला असतो. खूण एकच. बाजारात तयार मिळणारी वस्तू घरी करायची आणि दीडपट खर्चात करायची. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. वरातीत सगळे नाचत असतात तेव्हा हा माणूस जनरेटरच्या गाडीमागं वाकून वायरी बघत असतो आणि स्वतःशीच मान हलवत असतो.

आमच्या अण्णांचा सबवूफर म्हणजे १८ एमएमच्या प्लायवूडची पेटी, आत १२ इंची स्पीकर, पुढच्या बाजूला चार इंची पीव्हीसी पाईप आणि वरून मोटरसायकलच्या सीटा शिवणाऱ्याकडून चढवून घेतलेलं रेग्झिन. ट्रान्सफॉर्मर कोल्हापूरचा, अँप्लिफायरचा बोर्ड बेळगावचा. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. अण्णा दोन्हीकडं जातात आणि दोन्हीकडच्या दुकानदारांना 'तिकडं स्वस्त मिळतंय' म्हणून सांगून येतात. पेटीचा आकार आणि पाईपची लांबी यांचं गणित ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील नावाच्या इंजिनिअरनं १९६१ साली मांडून ठेवलं आहे. अण्णांचं गणित सुताराच्या बाजूनं सुटतं. आठ बाय चारच्या एका शीटमध्ये बसली तेवढी पेटी, आणि उरलेल्या तुकड्यात वैनींना दोन पाट.

वाजवून बघायला एकच गाणं ठरलेलं. त्याचे सुरुवातीचे ढोल वाजले की अण्णा बंद करतात आणि पेटीला कान लावतात. "या घरात एकही गाणं कडव्यापर्यंत पोचलेलं नाही भावजी," वैनी सांगतात. त्यांचा सूर तक्रारीचा नसतो. घरात मीठ संपलंय म्हणून सांगावं तसा असतो.

आता हमिंगबद्दल. अण्णांशी बसायचं तर एवढं माहीत हवं. वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते. तेवढ्याच पट्टीतलं जाड घूं आलं तर दोष वायरीत नाहीतर अर्थिंगमध्ये. त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० चं, जरा करकरीत आलं तर पॉवर सप्लायचा कॅपासिटर आटला. अण्णा हे दोन्ही आवाज तोंडानं काढून दाखवतात. पाहुण्यांसमोरही काढतात. वैनींच्या मते पहिला गोठ्यातल्या म्हशीचा आणि दुसरा भुंग्याचा. आणि मला विचाराल तर निदान म्हणून हेच जास्त बरोबर आहे.

२०१३ पर्यंत कर्नाटकाची वीज दक्षिणेच्या ग्रिडमध्ये होती आणि महाराष्ट्राची दुसऱ्या ग्रिडमध्ये. दोन्हींचे हेलकावे पन्नासच्या आसपास, पण एकाचा ताल दुसऱ्याला जुळलेला नव्हता. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन जोडली गेली आणि देशाचं ग्रिड एक झालं. तेव्हापासून निपाणीतलं हमिंग आणि कागलमधलं हमिंग एका सुरात आहे. "पूर्वी कागलला थोरलीकडं गेलो की तिच्या टीव्हीचं हमिंग परकं वाटायचं," अण्णा सांगतात. एवढा बारीक फरक माणसाच्या कानाला कळत नाही. पण सीमाभागात परकं काय आणि आपलं काय यावर कुणी कुणाशी वाद घालू नये. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. हमिंगचं एकीकरण मात्र होऊन गेलं. त्या रात्री फटाके वाजले ते थर्टीफर्स्टचे.

गेल्या दोन वर्षांत अण्णांनी काय काय केलं? ट्रान्सफॉर्मर नव्वद अंशांत फिरवला. फिल्टरचा बोर्ड त्याच्यापासून वीतभर लांब नेला. साधी वायर काढून शिल्डवाली घातली. बोर्डावरच्या सगळ्या ग्राउंड एका स्क्रूवर आणून बांधल्या. "कमी झालंय," दर वेळी अण्णा म्हणायचे, "खरं गेलं न्हाई." (आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्याच्या पाहुण्यांना हे कळत नाही आणि ते 'खरंच?' असं विचारतात.)

मग अर्थिंग. परसात कोळसा आणि मीठ घालून पुरलेली पट्टी आहे. उन्हाळ्यात माती वाळली की तिचा काही उपयोग नाही, म्हणून चैत्र लागला की अण्णा रोज संध्याकाळी तिथं पाणी ओततात. तुळशीला तांब्याभर, अर्थिंगला घागरभर. एका मेकॅनिकनं सोपा उपाय सांगितला होता, प्लगची तिसरी पिन काढून टाका. अण्णा एरवी कुणाच्या अंगावर जात नाहीत, त्या दिवशी गेले. "हमिंग जाईल गा, खरं एखादे दिवशी माणूसबी जाईल!" हे वाक्य मी माझ्या घरच्या पोरांना पाठ करायला लावलं आहे.

पेटीतून कुठंतरी हवा गळते असाही संशय होता, कारण मोठ्या आवाजाला फुस्स होतं. गळती शोधायची म्हणजे आतून बेस वाजवायचा आणि सांध्यापाशी धूर धरायचा. अण्णांनी उदबत्ती पेटवली. वैनींनी दारातूनच बघितलं. "देव बदलला काय?" उदबत्ती विझली. मग शेजारचे मामा आले, वखारीत जन्म काढलेला माणूस. निपाणीत धूर विकत आणावा लागत नाही. मामा सतरंजीवर पालथे झोपले, एक बिडी संपवली, दुसरी पेटवली आणि पेटीच्या कडेकडेनं सावकाश धूर सोडत सरपटू लागले. अण्णा मागून बॅटरी धरून. आत ढोलाचा एकेक ठोका पडत होता. तीन कोपऱ्यांवर धूर रेषेसारखा सरळ वर गेला. चौथ्याला, पाईपच्या खाली, ठोक्याबरोबर थरथरला आणि एकदम आत ओढला गेला. "घावलं!" अण्णा ओरडले. मामांना ठसका लागला. कोपऱ्यात एम-सील भरलं, फुस्स थांबलं आणि त्याच्याखाली दबलेलं हमिंग आता आणखी स्वच्छ ऐकू येऊ लागलं.

गणपतीत मंडळाची पोरं दरवर्षी पेटी मागायला येतात. अण्णा देत नाहीत. एवढ्या गोंगाटात हमिंग आहे का गेलं हे कळणार कसं?

दोष सापडला तो योगायोगानं. एका पावसाळी रात्री केबलवाल्यानं पोलावरची काहीतरी दुरुस्ती काढली, टीव्हीच्या मागची वायर उपटून ठेवली आणि घरात अशी शांतता पसरली की वैनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. घराची अर्थ एक आणि केबलच्या वायरीच्या जाळीतून पोलावरची अर्थ दुसरी. दोन जागी अर्थ मिळाली की त्यांच्यामधल्या वायरीतून फुकटचा करंट फिरत राहतो आणि तोच स्पीकरमधून गुणगुणतो. दोन राज्यांनी सातबारा सांगितलेल्या गावात दुसरं काय होणार!

उपाय सोपा होता. केबल काढून टाकायची. पण साडेसात ते दहा वैनींच्या मालिका. तह असा ठरला की दहापर्यंत मालिका आणि हमिंग, दहानंतर केबल काढून शांतता. आता माझी चूक सांगतो. माझ्या पोरानं मोबाईलवरून एक आयसोलेटर मागवला; काड्यापेटीएवढी डबी, आत दोन बारके ट्रान्सफॉर्मर, आवाज जातो पण ग्राउंड जोडली जात नाही. अण्णांकडं नेऊन टीव्ही आणि अँप्लिफायरच्या मध्ये लावली. केबल चालू, मालिका चालू, हमिंग शून्य.

अण्णांनी पेटीला कान लावला. मग दुसरा कान लावला. "गेलं," म्हणाले आणि आत जाऊन झोपले.

आठवडाभर फोन नाही. वैनी भाजीला भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "नीट जेवत नाहीत हो. काल अख्खं गाणं ऐकलं. शेवटपर्यंत." त्यांच्या डोळ्यांत काळजी होती.

नवव्या रात्री फोन आला. "ये लवकर. बारीक कटकट येतंय, डाव्या अंगाला." गेलो. पंखा बंद, दार बंद. कटकट मांडणीतल्या स्टीलच्या झाकणाची होती, ते मला बसल्या बसल्या दिसत होतं. वैनींनाही दिसत होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. मी म्हटलं, "अण्णा, कॉइल घासत असेल काय?" अण्णांनी स्क्रूड्रायव्हर काढला.

निघताना त्यांनी ती डबी माझ्या हातात ठेवली. तिच्यानं बेस मरतो म्हणे. सध्या ती माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे. लावून बघितलेली आहे, चालते. कुणाला पाहिजे असल्यास येऊन घेऊन जावा. फक्त दहाच्या आत या.