रकाना क्रमांक ११३

अमेरिकेस जाऊन आलेल्या मनुष्याने नायगारा पाहिला नाही असे सांगितले, तर आमच्या आळीत त्याच्या पासपोर्टाविषयीच शंका घेण्याचा प्रघात आहे. म्हणून आरंभीच कबुलीजबाब देऊन टाकतो की, १९९९च्या जानेवारी-फेब्रुवारीत न्यू जर्सीस कन्येकडे मुक्काम असूनही मी नायगारा पाहिला नाही, स्वातंत्र्यदेवता पाहिली ती मोटारीच्या काचेवरील धुके रुमालाने पुसता पुसता, आणि ज्या मुलखात मी त्या दोन महिन्यांत खरोखरीची पायपीट केली, तो मुलूख अमेरिकेत नव्हताच. जपानात तोक्यो शहर ज्या प्रांतात आहे त्या कांतो प्रांताचे नाव धारण करणारा तो मुलूख, माझ्या आठ वर्षांच्या नातवाच्या गेमबॉय नामक यंत्रात, पानाच्या डब्याच्या झाकणाएवढ्या काचेवर वसलेला होता. बाहेर गुडघाभर बर्फ, कन्या व जामात कचेरीत, नातू शाळेत, आणि घरात मी व ते यंत्र असे दोघेच. सहवासाने काय होत नाही?

पोकेमॉनच्या त्या खेळाची निळी प्रत नातवाकडे आधीपासून होती व नाताळात कुणा आप्ताने तांबडीही दिली होती. ती त्याने उदार अंतःकरणाने माझ्या नावे केली. नावाचाच पहिला पेच पडला. माझे नाव, तीर्थरूपांचे नाव व आडनाव मिळून सरकारी कागदावर पावणेदोन ओळी व्यापते, आणि त्या राज्यात सात रोमन अक्षरांहून मोठे नाव बाळगण्याची प्रजेस मुभा नाही. नातवाने फार विचार न करता ‘आजोबा’ अशी पाच अक्षरी नोंद केली व मी त्या मुलखाचा वतनदार झालो.

तेथील सर्वांत वडीलधारे गृहस्थ म्हणजे प्रोफेसर ओक. आडनाव ऐकताच, हे ओक मूळचे कोणत्या गावचे व आमच्या पलीकडच्या वाड्यातल्या ओकांचे कोण, हे विचारण्याच्या मी बेतात होतो. परंतु या ओकांना, समोर उभ्या असलेल्या स्वतःच्या नातवाचे नाव काय, हेच आठवेना, व ते त्यांनी मलाच विचारले, तेव्हा वंशावळीचा विषय मी मनातच मिटवला. पुढे त्यांनी एक वही माझ्या स्वाधीन केली. प्रांतात जितक्या जातींचे प्राणी आहेत तितक्यांची साद्यंत नोंद व्हावी ही त्यांची हयातभराची इच्छा, परंतु आता वय झाले, तरी तुम्ही तरुणांनी ती पुरी करावी, असे त्यांचे म्हणणे. माझे वय त्या वेळी अडुसष्ट होते. तरीही मी वही घेतली, कारण वरिष्ठाने स्वतःच्या टेबलावरचे काम थोर शब्दांत गुंडाळून खाली सरकवणे ही कला मी मामलेदार कचेरीत तीस वर्षे पाहिलेली होती, आणि तिच्यापुढे मान तुकवण्याची माझ्या मानेला सवय होती.

वहीचे नाव पोकेडेक्स. तीत दीडशे रकाने. प्राणी नुसता दिसला तर एक खूण, हाती लागला तर दुसरी. मी १९६१च्या खानेसुमारीत काम केलेला मनुष्य. दाराला कुलूप असलेल्या घराची नोंद कशी करावी व एकाच कुटुंबप्रमुखाने सांगितलेली दोन वये कशी जुळवावी, हे मला ठाऊक. तेव्हा दीडशे नोंदींची ती वही मला प्रथमदर्शनी अगदीच किरकोळ भासली. ज्यांनी हा खेळ रचला ते सातोशी ताजिरी नामक जपानी गृहस्थ लहानपणी तोक्योच्या सीमेवरील माचिदा भागात किडे-भुंगे गोळा करीत हिंडत, आणि पुढे तेथील ओढे व शेते इमारतींखाली गेल्यावर, त्या छंदाची गोडी नव्या पोरांनाही कळावी म्हणून त्यांनी हे प्राणी कल्पिले, असे सांगतात. १९९६च्या फेब्रुवारीत जपानात त्याची तांबडी व हिरवी प्रत निघाली. त्यांच्या लहानपणचे भुंगे एका परीने बरे. ते झाडाच्या सालीवर बसलेले सापडत. हे मात्र उंच गवतात पाऊल टाकल्यावाचून दिसत नाहीत, आणि दिसणे न दिसणे सर्वस्वी दैवाधीन असून त्या दैवाचीही टक्केवारी ठरलेली आहे: प्रत्येक रानात दहा जागा, पहिल्या दोन जागांवरच्या प्राण्यांस शेकडा वीस-वीस संधी, आणि दहाव्या जागेवरच्यास जेमतेम शेकडा एक. प्राणी दुर्मीळ असतो तो काही निराळ्या मातीचा असतो म्हणून नव्हे. दहाव्या जागेवर त्याची नेमणूक झालेली असते एवढेच. आमच्या खात्यातही पुष्कळांचे असेच झाले.

गावांची नावे रंगांवरून आहेत. आमच्या पेठा वारांवरून ओळखल्या जातात, तेव्हा मी हसण्याचे कारण नव्हते. व्हिरिडियनच्या रानात सुरवंट इतके की, पिकाचू नामक प्रसिद्ध पिवळा उंदीर पाहण्यास माझी एक संबंध दुपार खर्ची पडली. पुढे डोंगराखालच्या भुयारात दर चार पावलांवर झुबात जातीची वटवाघळे अंगावर येत, व भुयारापूर्वीच्या विश्रांतिगृहात एका इसमाने पाचशे रुपयांस (तेथील चलनास मी सोयीसाठी रुपयेच म्हणतो) मला मॅजिकार्प नावाचा एक मासा विकला, ज्यास उड्या मारण्यावाचून काहीही येत नव्हते. मी फसलो असे मला वाटले; नातू मात्र हरखला. विसाव्या पायरीस पोहोचल्यावर हाच मासा अक्राळविक्राळ सर्प होतो, असे त्याने सांगितले. ते खरे निघाले. त्या सर्पाने पुढे माझी पुष्कळ अब्रू राखली.

सेरुलियन गावच्या सायकलीच्या दुकानाचे प्रकरण मात्र मी अद्यापि विसरू शकलेलो नाही. तेथे एका सायकलीस दहा लक्ष रुपये किंमत सांगितली. मी हिशेबी मनुष्य. सुपारीचेही खांड मोजून खाणारा. काटकसर करून वर्षभरात एवढी रक्कम जमवावी असा माझा निर्धार होता, परंतु त्या राज्यात कुणाच्याही खिशात नऊ लक्ष नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवांपलीकडे एक पै मावत नाही, हे नातवाने मला दोन दिवसांनी सांगितले. म्हणजे सायकल कायमची एका रुपयाने दूर. यावर तोड अशी की, व्हर्मिलियन बंदरात पोकेमॉनप्रेमी मंडळाचे एक अध्यक्ष आहेत, त्यांच्या लाडक्या रॅपिडॅश घोड्याचे गुणवर्णन आपण अथपासून इतिपर्यंत ऐकून घेतले, तर ते प्रसन्न होऊन सायकलीची चिठ्ठी देतात. अध्यक्षीय भाषणे ऐकण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला एवढी स्वस्त सायकल जगात दुसरीकडे मिळणार नाही.

सॅफ्रन शहराच्या चारही वेशींवर नाकेदार उभे. आत कुणालाच सोडीत नाहीत, कारण त्यांना तहान लागलेली आहे. सेलाडॉनच्या मोठ्या दुकानाच्या गच्चीवर यंत्रातून पेये मिळतात, त्यांतील एक बाटली एका नाकेदारास दिली की, तो ती बाकीच्या नाकेदारांसही वाटतो आणि चारही वेशी एकदम खुल्या होतात. परदेशात इतके घरगुती वाटावे असे मला दुसरे काही भेटले नाही. शिवाय चौघांत एका बाटलीवर काम भागवण्याइतकी ती मंडळी समाधानी होती, हे त्यांच्या बाजूने नमूद करणे न्यायाचे होईल. स्नॉरलॅक्स हा डोंगराएवढा प्राणी रस्त्यावर आडवा झोपलेला असतो व बासरीवाचून उठत नाही. असे दोनच सबंध प्रांतात आहेत. मी दुसरा पकडला, कारण पहिला उठताच मी घाबरून त्यास माझ्या सर्पाकरवी लोळवले होते.

रकाने भरत गेले. काही प्राणी तांबड्या प्रतीत जन्मतच नाहीत, ते निळ्या प्रतीतून तारेने आणावे लागतात, आणि काहींस एका यंत्रातून दुसऱ्यात गेल्यावाचून पुढचे रूपच येत नाही. त्यासाठी शेजारच्या घरातला एक मुलगा आपले यंत्र घेऊन येई व दोघे पोरे माझ्या दफ्तरातील जीव आपसात फिरवीत. त्याच मुलाने, बंदरातील जहाजाच्या धक्क्यानजीक उभ्या असलेल्या ट्रकखाली म्यू नावाचा एकशे एक्कावन्नावा प्राणी दडला आहे, अशी शाळेतली बातमी आणली. आमच्याकडे पडक्या वाड्याच्या भिंतीत मोहरांचा हंडा असतो, त्यातलीच ही जात. म्यू खरा आहे, ट्रकखाली मात्र नाही: खेळ पुरा होता होता यादीबाहेरचा तो जीव मोरिमोतो नामक एका रचनाकाराने गुपचूप आत सोडला आणि पुढे जपानातल्या एका मासिकाच्या वीस भाग्यवान वाचकांस तो वाटण्यात आला. मला त्याचा मोह पडला नाही. ज्यास वहीत रकानाच आखलेला नाही, त्याच्या मागे खानेसुमारीवाल्याने का धावावे?

माझे मन गुंतले ते रकाना क्रमांक ११३ पाशी. तेथे चान्सी. गुलाबी, गोलमटोल, पोटाशी अंडे सांभाळणारी, कुणाचे वाईट न चिंतणारी अशी ती एक सात्त्विक प्राणी असून तिचे प्रसिद्ध वसतिस्थान म्हणजे फ्यूशिया शहरातील सफारी झोन. तेथला वनाधिकारी माझ्या फार जिव्हाळ्याचा, कारण त्याची सोन्याची कवळी रानात हरवली असल्याने त्याचे बोलणे कुणास उमगत नसे. मी ती हुडकून त्याच्या तोंडी परत दिली तेव्हा मला स्वतःच्याच कवळीचे अश्रू आले. आत जाण्यास पाचशे रुपये. त्या मोबदल्यात प्राणी पकडण्याचे तीस चेंडू व पाचशे पावले. पावले संपली की टिंग-टाँग घंटा होते व माणसास दरवाज्याबाहेर आणून ठेवतात. आत आपले प्राणी लढवता येत नाहीत. हाती केवळ दगड आणि खाद्य. दगड मारला तर प्राणी सहज सापडतो, परंतु चिडून पळण्याचा संभव वाढतो. खाद्य टाकले तर तो थांबतो, परंतु सापडणे दुरापास्त होते. हे शास्त्र मी कचेरीत वसुलीच्या वेळी शिकलो होतो, तरीही अकरा दिवसांत मला पुष्कळशी निडोरान पिल्ले, अंड्यांचे घोस, एक टॉरस बैल व पायांस गोळे एवढेच लाभले. चान्सी दोनदा दिसली, दोन्ही वेळा माझा चेंडू हवेत असताना ती नाहीशी झाली.

बाराव्या दिवशी, बुधवारी, दुपारी साडेबारास ती पुन्हा उभी राहिली. मी चेंडूची आज्ञा दिली. काचेवर उत्तर उमटले की, पेटी भरली आहे, हा जिन्नस वापरता येणार नाही.

आता या पेट्यांचा कायदा असा. अंगावर सहा प्राणी बाळगता येतात; बाकीचे एका सार्वजनिक यंत्रातील पेटीत जाऊन पडतात. पेट्या बारा, प्रत्येकीत जागा वीस, आणि एक भरली म्हणून दुसरी आपोआप उघडत नाही. विश्रांतिगृहातील यंत्राशी जाऊन ती आपल्या हाताने बदलावी लागते. माझी पेटी निडोरान पिल्लांनी काठोकाठ भरलेली होती. तीस वर्षे दप्तर सांभाळलेल्या मनुष्यास जागा शिल्लक आहे किंवा नाही हे पाहण्याची बुद्धी झाली नाही, यास काय म्हणावे?

परंतु एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती: आपण काही करीत नाही तोवर तीही काही करीत नाही. मी हलेपर्यंत ती पळणार नव्हती. नातू तीन वाजता घरी येणार. तो कायद्यातून काही पळवाट काढील, या भरवशावर मी यंत्र दोन्ही तळव्यांत धरून कोचावर बसलो. चहा निवला. दूरध्वनी वाजून थांबला. बोट चुकून पडू नये म्हणून मी शिंक दाबली. दोन वाजण्याच्या सुमारास यंत्रावरील तांबडा दिवा मंदावू लागला, कारण बॅटऱ्या सरत आल्या होत्या, आणि नव्या घालाव्यात तर यंत्र बंद पडून चान्सीसह सगळी सकाळ नाहीशी व्हावयाची. ती माझ्याकडे पाहत होती, मी तिच्याकडे. अडीच तास इतक्या निश्चलपणे माझ्यासमोर सौभाग्यवतीही लग्नाच्या फोटोखेरीज कधी बसली नव्हती.

नातू आला, बूट न काढताच काच पाहिली, आणि घरात टिकवलेल्या त्याच्या मराठीत, जीत सर्व वडील मंडळींस तो ‘तू’ म्हणे, म्हणाला, “आजोबा, तुझा बॉक्स फुल आहे. आता काहीच करता येत नाही.”

“काहीच नाही?”

“खायला दे हवं तर.”

दिले. ती थांबली. पुन्हा दिले. तिसऱ्या वेळी दिले तेव्हा ती खाऊन निघून गेली, आणि पाठोपाठ यंत्रही विझले.

त्यानंतर बॅटऱ्या बदलल्या, पेटी बदलली, पुन्हा पाचशे-पाचशे रुपये भरले. परंतु फेब्रुवारीअखेर माझे विमान सुटले तेव्हा रकाना कोराच होता. तांबडी प्रत नातवाच्या कपाटात राहिली. वही पुरी केल्यास सेलाडॉनमधील एका इमारतीत प्रशस्तिपत्र देतात असे ऐकून होतो, तेही राहिले. आळीत मी प्रवासाविषयी मौन पाळले व नायगाऱ्यावर एक पुस्तक वाचून घेतले.

मे महिन्यात एका रविवारी पहाटे परदेशाचा दूरध्वनी आला. तिकडे शनिवारची संध्याकाळ होती.

“आजोबा, चान्सी मिळाली! तुझ्या गेममध्ये. नाव विचारतात ना पकडल्यावर, मी तुझंच दिलं.”

गुलाबी, गोलमटोल, पोटाशी अंडे घेतलेल्या त्या मूर्तीस ‘आजोबा’ हे नाव शोभते की नाही, याचा विचार करण्यास मिनिटामिनिटाचे पैसे पडत असल्याने मी तो पुढे ढकलला, व मुद्द्याचे तेवढे विचारले.

“कोणत्या पेटीत ठेवलीस?”

“चौथ्या. नवीन उघडली. अजून एकोणीस जागा आहेत.”