ऐनवेळकर

हे गृहस्थ तुम्हाला ठाऊक आहेत. तुमच्या सोसायटीत असतील, ऑफिसात असतील, नाहीतर थेट सासरवाडीला असतील. लग्नाला निघताना आहेराची दोन पाकिटं घेतात, एक हरवलं तर! गावाला जाताना कुलपाच्या तीन किल्ल्या तीन नातेवाइकांकडे ठेवतात आणि चौथी कुठे ठेवली ते विसरतात. आमचे हे कोल्हापुरात शूटिंग रेंजवर भेटतात. त्यांचं खरं आडनाव काहीही असो, रेंजबाहेरच्या बाकावर बसणाऱ्या समस्त पालकवर्गानं त्यांचं 'ऐनवेळकर' करून टाकलंय.

"तसं सगळं ठीक आहे हो. पण ऐनवेळी?"

ऐनवेळकर वीज खात्यात आहेत. ऐनवेळी काय काय बंद पडतं याचा त्यांचा अनुभव दांडगा आहे आणि तो अनुभव लोकांनी त्यांना फोनवरून वेळोवेळी ऐकवलेलाही आहे.

त्यांची कन्या एअर रायफल खेळते. २०१० साली म्युनिकला तेजस्विनी सावंत विश्वविजेती झाली आणि २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून ऑलिंपिकचं ब्राँझ आणलं. तेव्हापासून आमच्याकडे पोरगं जरा शांत बसलं की तालमीत घालायचं की रेंजवर, हा प्रश्न घरोघरी निघतो. खेळ ऐकायला सोपा. दहा मीटरवर टार्गेट, त्यात मधला 'टेन' अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे वहीतल्या पूर्णविरामाएवढा. तो साठ वेळा टिपायचा. अंगात जाडजूड जॅकेट, पायात चपट्या तळाचे बूट, हातात पाचेक किलोची रायफल आणि बाहेर बाकावर बाप.

ऐनवेळकरांनी पतसंस्थेचं कर्ज काढून मुलीला जर्मन रायफल घेतली. तिथं गोष्ट संपायला हवी होती. पण रायफल घरी आली त्याच रात्री त्यांना झोप लागली नाही. आता हिला ऐनवेळी काही झालं तर?

झालं. 'बॅकअपला एखादी स्वस्तातली रायफल घ्यावी का?' या प्रश्नानं ऐनवेळकरांना धरलं आणि ऐनवेळकरांनी आम्हाला.

मुळात या माणसाची किटबॅग बघा. अॅलन कीचे तीन संच. छर्ऱ्यांचे डबे एकाच बॅचचे, पण दोन वेगवेगळ्या कप्प्यांत. डाव्या हाताचे दोन ग्लोव्हज. ओ-रिंगांची पुडी, आणि त्या पुडीची आणखी एक पुडी. रायफलीच्या हवेच्या सिलिंडरला मुदत असते आणि ती सांभाळण्याची जबाबदारी खेळाडूची असते, हे कळल्या दिवशी त्यांनी ती तारीख कागदावर लिहून फ्रिजला चिकटवली. मुदत संपायला तेव्हा नऊ वर्षं बाकी होती. त्यांचं स्वतःचं ड्रायव्हिंग लायसन्स त्या वेळी संपून चार महिने झाले होते, ते पोलिसांनी लक्षात आणून दिलं.

बॅकअपच्या प्रश्नावर त्यांनी पहिल्यांदा धरलं ते रेंजच्या कोच सरांना. सर शांत माणूस. ते म्हणाले, "साहेब, रायफल नुसती असून भागत नाही. बट प्लेट, चीकपीस, साइट, ट्रिगरचं वजन, सगळं पोरीच्या अंगाला बसवायला महिने गेलेत. स्वस्तातल्या रायफलीचा तोल वेगळा, ट्रिगर वेगळा. ऐन मॅचमध्ये ती हातात दिली तर पोरगी टार्गेट बघंल का रायफल बघंल?"

"बरोबर आहे तुमचं," ऐनवेळकर म्हणाले. "पण ऐनवेळी रायफलच नसली तर ती काय बघंल?"

सर उठून आत गेले.

या वादात ऐनवेळकरांचा हुकमाचा पत्ता म्हणजे टोकियो. २०२१ साली त्या ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, दुरुस्तीत मिनिटं गेली आणि फायनल दोन गुणांनी हुकली. ही हकीकत ऐनवेळकरांनी आम्हाला सांगितली, रेंजच्या वॉचमनला सांगितली, चहावाल्याला सांगितली. दाताच्या डॉक्टरकडे तोंडातला कापूस काढून सांगितली म्हणतात. एकदा कोणीतरी म्हणालं, "अहो, पण तीच मनू पुढं पॅरिसला जाऊन दोन ब्राँझ घेऊन आली की!" त्यावर ऐनवेळकर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तेच म्हणतोय मी. पॅरिस हा टोकियोचा बॅकअप."

मग बाजारभाव. देशी बनावटीची रायफल पन्नास-पंचावन्न हजारांच्या आसपास मिळेल, असं त्यांनी काढलं. पण स्वस्तातली वस्तू ऐनवेळी दगा देणार, म्हणून थोडी बरी बघावी. थोडी बरी लाखाच्या पुढं. एवढे घालायचेच तर अजून थोडे घालून चांगलीच का घेऊ नये? चांगली घेतली की ती 'मेन' होणार आणि आत्ताची जर्मन 'बॅकअप'. पण मग आत्ताची रायफल मुलीच्या अंगाला बसलेली, ती बॅकअपला ठेवून नवी मेन कशी करायची? म्हणजे मेन तीच ठेवावी आणि बॅकअपला स्वस्तातली घ्यावी. इथं पोचेपर्यंत चहा गार झालेला असायचा आणि ऐनवेळकर पहिल्यापासून सुरुवात करायचे. या ताकदीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, ही एक गोष्ट तरी सरळ आहे असं मी म्हणालो, तर म्हणाले, "आज लागत नाही. ऐनवेळी कायदा बदलला तर?"

त्यांना निरुत्तर केलं ते फक्त वहिनींनी. रेंजवर डबा द्यायला आल्या होत्या. सगळा हिशोब ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "घ्या की. पण ऐनवेळी घरात पैसे लागले तर?" त्यांचंच हत्यार त्यांच्यावर उलटलेलं आम्ही प्रथमच पाहिलं. पुढचे दोन दिवस ऐनवेळकर पावसापाण्यावर बोलत होते.

अशात पुण्याला बालेवाडीची स्पर्धा आली. ऐनवेळकर आदल्या दिवशीच निघाले. गाडी स्वतःची, आणि गाडी ऐनवेळी बंद पडली तर म्हणून एसटीची दोन तिकिटं. लॉजवर पहाटे पाचचा गजर लावला, साडेपाचचा लावला, आणि गजर वाजतो की नाही ते बघायला रात्री दोनचाही लावला. तो वाजला. अप्रतिम वाजला. मुलगी जी जागी झाली ती जागीच.

सकाळी रायफलीला काही म्हणजे काही झालं नाही. सिलिंडर भरलेला, साइट जागच्या जागी, ट्रिगर चोख. पहिली सिरीज बरी गेली, दुसरी घसरली, तिसरीत पोरीनं दोनदा रायफल खांद्यावरून उतरवून पुन्हा घेतली. मागं प्रेक्षकांत ऐनवेळकर अॅलन की मुठीत धरून उभे. स्कोअर नेहमीपेक्षा बराच खाली आला. बाहेर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "रायफलीला काय झालं?"

पोरगी जॅकेटची बटणं काढत म्हणाली, "पप्पा, रायफलीला काय झालं नव्हतं. मलाच काय तरी झालतं."

कोल्हापूरपर्यंत ऐनवेळकर टोकियोबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

आणि एवढं होऊनही त्यांनी ती स्वस्तातली रायफल घेतलीच! मी डोक्याला हात लावला. रेंजवर खोकं उघडलं, मुलीनं दहा-बारा छर्रे मारले, "हलकी आहे" म्हणाली आणि आपल्या लेनवर निघून गेली. पंचावन्न हजारांचा बॅकअप खोक्यात परत.

आता आमच्या रेंजचं एक वास्तव सांगतो. ज्यांची स्वतःची रायफल नाही अशी मुलं क्लबच्या रायफलीवर शिकतात. ती रायफल एक आणि पोरं तीन. बट प्लेटचा स्क्रू सैल, त्याला चिकटपट्टी. एकानं आपल्या मापाला लावायची, दुसऱ्यानं ती मोडून आपल्या मापाला लावायची, तिसऱ्याची पाळी येईपर्यंत शाळेची वेळ. त्यातला एक मुलगा रिक्षावाल्याचा. हाताला स्थिर, बोलायला कमी. पाळी नसेल तेव्हा भिंतीवरच्या ठिपक्याकडे रिकाम्या हातांनी नेम धरून उभा असायचा.

एका सकाळी ऐनवेळकर खोकं घेऊन त्याच्याजवळ गेले आणि जवळजवळ खेकसले, "ए, ही रायफल वापर रे रोज. पडून राहिली तर सील सुकतात. माझं नुकसान व्हायला नको. आणि तुझ्या मापाला नीट लावून घे, अर्धवट काम नको. ऐनवेळी आमची बिघडली तर हक्कानं मागून घेणार, आधीच सांगून ठेवतो!"

पोरानं मान हलवली. अॅलन कीचा एक संचही त्याला मिळाला. ओ-रिंगांची दुसरी पुडीही.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. ऐनवेळकरांनी रायफल परत मागितलेली नाही. मध्यंतरी त्या मुलाचा स्कोअर त्यांच्या मुलीच्या वर गेला, तेव्हा बाकावरचे आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ते उठले, टार्गेटचा कागद उजेडात धरून बघितला आणि आम्हाला म्हणाले, "बघा, मी सांगत होतो, बॅकअप पाहिजे. तुम्ही ऐकत नव्हता." कोच सरांनीही त्या दिवशी वाद घातला नाही.

माणूस त्रासदायक आहे, हे माझं मत मी मागं घेत नाही. कालच त्यांनी मला अर्धा तास उभं करून विचारलं, की सिलिंडर भरायच्या पंपाला बॅकअप पंप घ्यावा का. मी नाही म्हणालो. ते घेणार.

तेव्हा तुम्हीही जर बॅकअपला स्वस्तातली रायफल घ्यावी की न घ्यावी या घोळात असाल, तर सरळ घ्या. फक्त घरी कपाटावर ठेवू नका, रेंजवर आणून ठेवा. सकाळी सहाला क्लबची रायफल रिकामी नसते.