लेन्सचे सोवळे : चष्मा सोडू इच्छिणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

प्रस्तुत मार्गदर्शन चष्म्याला कंटाळलेल्या सर्व स्त्री-पुरुषांसाठी आहे. कंटाळ्याचे कारण कोणतेही चालेल. लग्न ठरले आहे, हेल्मेट घालताना काड्या कानशिलात रुततात, आमटीवरचे झाकण उचलले की स्वयंपाकघर दिसेनासे होते, किंवा शाळेत मिळालेले 'ढापण्या' हे नाव वर्गमित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अजून जिवंत आहे. खालील सूचना नीट पाळल्यास चष्मा सुटेल. पुढे तो पुन्हा लागेल. त्याची व्यवस्था शेवटी सांगितली आहे.

पात्रता

पहिली अट नंबराची नाही, स्वभावाची आहे. पुढील प्रश्नांची उत्तरे एकांतात, खरी द्यावीत. बाहेरून आल्यावर साबणाने हात धुता का? बाटलीवरची मुदत वाचता का? कितीही झोप आली तरी दात घासूनच झोपता का? तिन्ही उत्तरे 'हो' असतील तर पुढे वाचावे. एकाही प्रश्नाला 'तसं काही नाही, कधी कधी' असे उत्तर आले, तर चष्म्याचे स्क्रू घट्ट करून घ्यावेत आणि हे पान शेजारी द्यावे.

पात्र ठरलेल्यांनी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. चष्म्याच्या नंबराची जुनी चिठ्ठी काढून परस्पर लेन्स मागवू नये. बुबुळाची गोलाई मोजावी लागते, डोळ्यात पाणी पुरेसे आहे का ते पाहावे लागते, आणि नंबरही वेगळा निघू शकतो. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असते, लेन्स डोळ्यावरच बसते. त्यामुळे चष्म्यात उणे ६ असलेला माणूस लेन्समध्ये उणे साडेपाचच्या आसपास येतो. घरी हे सांगितल्यावर 'नंबर उतरला!' म्हणून मावशी त्याचे श्रेय गाजराच्या रसाला देतील. देऊ द्यावे.

थोडा इतिहास

लेन्स लावताना रडू आले तर पूर्वजांचे स्मरण करावे. १८८८ मध्ये झुरिकच्या अडॉल्फ फिक यांनी काचेच्या लेन्स आधी सशांच्या डोळ्यांत घातल्या, मग स्वतःच्या. सशांचे म्हणणे कोणी नोंदवून ठेवलेले नाही. आजची मऊ लेन्स ही चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले यांची देणगी. पाणी शोषून मऊ होणारे प्लास्टिक त्यांच्या हाती आले होते, पण त्याची नीट लेन्स घडवणारे यंत्र नव्हते. १९६१ च्या नाताळात त्यांनी घरीच, मुलाच्या खेळण्यातल्या पट्ट्या आणि सायकलचा डायनॅमो जोडून, फिरत्या साच्यांचे यंत्र उभे केले. १९७१ मध्ये अमेरिकेत या लेन्सला परवानगी मिळाली. विख्तर्ले यांची छायाचित्रे जरूर पाहावीत. त्यांच्या नाकावर चष्मा आहे.

साहित्य

लेन्सची जोडी, सोल्यूशनची बाटली, डबी, साधा साबण, धागे न सुटणारा पंचा, आरसा, बेसिनच्या भोकावर ठेवायला झाकण, आणि चालू नंबरचा चष्मा. शेवटची वस्तू छपाईची चूक नाही. लेन्स फाटते, डोळा कुरकुरतो, प्रवासात डबी घरी राहते. त्या दिवशी चष्मा लागतो. शिवाय झाकण ठेवायला विसरून लेन्स बेसिनमध्ये पडली, तर ती शोधायलाही चष्मा लागतो.

कृती पहिली : लावणे

१. हात साबणाने धुवून कोरडे करावेत. पंच्याचा एक तंतू बोटाला राहिला, तर संध्याकाळपर्यंत तो डोळ्यात राहतो.

२. सुरुवात रोज उजव्या डोळ्यापासूनच करावी. जोडीची अदलाबदल झाली की दोन्हीकडे अंधुक दिसते, आणि माणूस आधी ट्यूबलाइटला दोष देतो.

३. लेन्स तर्जनीच्या टोकावर घेऊन उजेडात धरावी. कडा सरळ वर उभ्या असतील तर सुलटी, बाहेर पसरल्या असतील तर उलटी. बराच वेळ पाहूनही ठरत नसेल, तर उलटी समजून चालावे.

४. मधल्या बोटाने खालची पापणी ओढावी, दुसऱ्या हाताने वरची धरून ठेवावी आणि लेन्स अलगद बुबुळावर टेकवावी.

चौथ्या पायरीवर थोडा वेळ जातो. डोळ्यावर काही चालून आले की पापणी मिटते. आलेले बोट घरचेच आहे, हे तिला कळवण्याची सोय शरीरात नाही. पापणी मिटते, लेन्स बोटाला चिकटून परत येते. पुढच्या खेपेला ती बोटावरही नसते, भुवईत सापडते. तोंडाचा आ केल्याने डोळा अधिक उघडत नाही, तरी सगळेच करतात. बाहेरून 'अगं, झालं का? मला ऑफिस आहे' अशी हाक येते. उत्तर देऊ नये. बोलले की हात हलतो. येणाऱ्या बोटाकडे न बघता आरशातल्या दुसऱ्या डोळ्याकडे बघत राहावे. मग कधीतरी थंडगार काहीतरी टेकते, दोन थेंब गळतात आणि मागच्या खुंटीवरच्या टॉवेलची नक्षी स्पष्ट दिसू लागते. लेन्स बसली. आता डावा डोळा.

पहिल्या दिवशी दोन-चार तासच लेन्स ठेवावी, मग रोज तास-दोन तासांनी वाढवत न्यावे. पहिल्याच दिवशी रात्रीच्या नाटकाची तिकिटे काढू नयेत.

कृती दुसरी : काढणे

वर पाहावे, लेन्स बोटाने खाली पांढऱ्या भागावर सरकवावी आणि हलक्या चिमटीत धरून काढावी. लेन्स हाताला लागत नसेल तर 'ती मागे मेंदूकडे जाते म्हणे' असे शेजारच्या काकू सांगतील. पापणीचे आतले अस्तर वळून डोळ्यालाच जोडलेले असते, त्यामुळे मागे जायला वाट नाही. लेन्स वरच्या पापणीखाली दुमडून बसली असेल, किंवा दुपारीच पडली असेल. दहा मिनिटे आपण चिमटीत धरू पाहतो आहोत ती लेन्सच आहे ना, एवढी खात्री मात्र करावी.

सोवळे

लेन्सचे सारे शास्त्र आपल्या पणज्यांना एका वाक्यात कळले असते : हे सोवळे आहे. फरक इतकाच, की इथे प्रत्येक नियमाला कारण आहे.

नळाच्या पाण्याने लेन्स ओवळी होते. नळ, विहीर, गच्चीवरची टाकी, पोहण्याचा तलाव, कुठेही अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. लेन्सच्या आडून तो बुबुळात शिरला तर उपचार महिनोन् महिने चालतात आणि दृष्टीही जाऊ शकते. म्हणून अंघोळ आधी, लेन्स नंतर. पोहताना लेन्स नाहीच. थुंकी लावून लेन्स ओली करणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन लिहिलेले नाही.

कालच्या सोल्यूशनमध्ये आजचे ओतू नये. रोज सगळे फेकून नवे घ्यावे. शाम्पूच्या बाटलीत पाणी घालून आणखी आठवडा काढणाऱ्या घराण्यांना हा नियम जड जाईल. डबीही दर तीन महिन्यांनी बदलावी. जुनी टाकवत नसेल तर तिच्यात टिकल्या ठेवाव्यात.

महिन्याची लेन्स म्हणजे पाकीट फोडल्यापासून ३० दिवस. चार रविवार लावली नाही, म्हणून चार दिवस पुढे मिळत नाहीत.

झोपताना लेन्स काढावी. दुपारची 'पाच मिनिटं' हीसुद्धा झोपच. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, प्राणवायू तो बराचसा हवेतून घेतो. लेन्सचा अडसर असतोच, त्यावर पापणीही मिटून घेतली तर त्याने श्वास घ्यायचा कुठून?

आणि थट्टा बाजूला ठेवून : डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसू लागले, तर लेन्स काढावी आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गुलाबपाणी, मध आणि गेल्या वर्षीचे उरलेले ड्रॉप कपाटातच राहू द्यावेत.

प्रसंगविशेष

लग्न : मुंडावळ्या काडीत गुंततात म्हणून वधू-वर लेन्स लावतात. फोटो चांगले येतात. मात्र होमाला बसल्यावर धूर नेमका जोडप्याकडेच वळतो. नवरीच्या डोळ्यांतून धारा लागतात, मागच्या रांगेतल्या आत्या पदराने डोळे टिपतात, आणि 'माहेर सुटतंय ना' असे एकमेकींना सांगतात. खुलासा करू नये.

स्वयंपाक : बुबुळ झाकलेले असल्याने लेन्सवाल्यांना कांदा कमी झोंबतो. हे काम उदारपणे अंगावर घ्यावे. मिरच्या मात्र दुसऱ्याकडे सोपवाव्यात. ठेचा केलेला हात एकदा धुऊन तिखट जात नाही. ते रात्री लेन्स काढताना कळते, आणि शेजाऱ्यांनाही कळते.

रंगपंचमी : चष्मा. तोही जुना.

चष्म्याची बाजू

चष्मा आळशी माणसाला सांभाळून घेतो. शर्टाच्या टोकाने पुसा, उशीखाली चेपा, सुटलेली काडी सेफ्टी पिनने जोडा, तो जमेल तेवढे दाखवत राहतो. दुचाकीवर समोरच्या डंपरची वाळू आधी त्याच्यावर आदळते. शिवाय मीटिंगमध्ये अडचणीचा प्रश्न आला, की चष्मा काढून शांतपणे पुसता येतो. तेवढ्यात उत्तर सुचते आणि माणूस विचारी वाटतो. भर मीटिंगमध्ये डोळ्यातून लेन्स काढून धूत बसलेल्या माणसाविषयी असे मत होत नाही.

चष्म्याची पुनर्स्थापना

आता सुरुवातीला दिलेल्या आश्वासनाविषयी. चाळिशी सर्वांना गाठते. उणे नंबरचे चष्मेवाले त्यावर फुकट उपाय करतात : चष्मा कपाळावर सरकवतात आणि चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन वाचतात. लेन्स कपाळावर सरकत नाही. उलट उणे नंबरवाल्यांना लेन्समध्ये चाळिशी थोडी आधीच जाणवते, कारण जवळचे वाचताना चष्मा डोळ्यांचा थोडा ताण स्वतःकडे घेत असतो आणि लेन्स तो घेत नाही. दूर-जवळ दोन्हींसाठीच्या लेन्सही मिळतात, पण त्या सगळ्यांनाच मानवत नाहीत. मग लेन्स लावून, वर वाचायचा चष्मा लावून पेपर वाचावा लागतो.

यात कमीपणा मानू नये. लेन्सने चष्मा लपतो, नंबर सुटत नाही. हे ज्याला आधी कळले त्याने दोन्ही सुखाने वापरावेत. दुकानात जाऊन चांगली फ्रेम निवडावी. दुकानदार तिच्याबरोबर सोल्यूशनची बाटली सवलतीत देऊ करेल. ती घ्यावी, पण मुदत वाचून घ्यावी. आकडे फार बारीक छापलेले असतात. दिसले नाहीत तर नवा चष्मा लावून वाचावेत.