किंवासाहेब

खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण सोसायटीत सगळे त्यांना किंवासाहेबच म्हणतात. हिंजवडीला पेटंट शोधून देणाऱ्या कंपनीत नोकरी, दिवसभर 'अमुक किंवा तमुक' जोडत बसायचं. घरी आल्यावरही ते सुटत नाही. मागे लिफ्ट अडकली तेव्हा त्यांनी आतून वॉचमनला फोन केला, "पाळणा किंवा पेटी किंवा उद्वाहक बंद पडलाय." वॉचमन आधी ज्या घरात तान्हं बाळ आहे तिथे धावला.

दोष त्यांचा नाही, धंद्याचा आहे. पेटंट लिहिणारा पातेल्याला पातेलं म्हणतच नाही. म्हटलं, तर उद्या दुसरा कुणी तीच करामत कढईत करून विकायचा. म्हणून तो लिहितो, 'द्रव धारण करणारं, तापवता येण्याजोगं पात्र'. हक्काचं कुंपण जितकं लांब, तितके शब्द गुळमुळीत. आणि त्या गुळमुळीत शब्दांतून नेमकी वस्तू हुडकायची किंवासाहेबांनी.

दुसऱ्या मजल्यावरचे नाना, रिटायर्ड इंजिनिअर, एका संध्याकाळी आले. आधी दार लावलं, मग खिडकी. "कुठे बोलायचं नाही हं. दूध उतू न जाणारं पातेलं! सगळं गूगल पालथं घातलं, जगात कुणी केलेलं नाही."

"काय टाइप केलंत?"

"मिल्क नॉट उतू."

किंवासाहेबांची कळी खुलली. पाठकोऱ्या कागदावर तीन रकाने आखले: वस्तू काय, करते काय, त्रास कोणता टळतो. पहिल्यात पॉट, पॅन, व्हेसल, कंटेनर, रिसेप्टॅकल. तिसऱ्यात बॉइल ओव्हर, ओव्हरफ्लो, स्पिल, फोम, फ्रॉथ. एका रकान्यातल्या शब्दांत 'किंवा', दोन रकान्यांच्या मध्ये 'आणि'. 'बॉइल'च्या शेपटाला तारका, म्हणजे बॉइल्ड, बॉइलिंग ही भावंडंही आपोआप येतात. 'मिल्क'वर मात्र काट मारली. "सूप उतू गेलं तरी युक्ती तीच ना?" नाना दुखावले. सुपाचं त्यांना काय!

"मग नको ते गाळायला 'नॉट' टाका की," नाना म्हणाले.

"छे! 'कॉफी नको' म्हटलं की ज्या पेटंटात कॉफीचं नुसतं नाव आलंय तेही गळालं. तेच नेमकं आपल्या कामाचं निघायचं." या माणसाच्या तोंडात नकार येतच नाही. सोसायटीचं सेक्रेटरीपद त्यांच्या गळ्यात पडलं ते त्यामुळेच.

हळदीचा किस्सा मात्र ते न विचारता सांगतात, तोही लग्नात, नवरदेवाला हळद लावता लावता. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. शास्त्रज्ञ माशेलकर सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख असताना तिनं त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते मोडीत निघालं. पुराव्यात जुने संस्कृत ग्रंथसुद्धा होते. "नुसतं 'टर्मरिक' बघून भागतं का? हरिद्रा बघा, हल्दी बघा, कुर्कुमा लोंगा बघा!" तोवर नवरदेवाच्या कानात हळद गेलेली असते.

तर नानांचं पातेलं. शब्दांच्या जाळ्यात दोनच पेटंटं बऱ्यापैकी सापडली. किंवासाहेबांनी ती वाचायच्या आधी त्यांच्यावरचा वर्गीकरणाचा क्रमांक पाहिला: ए४७जे २७/५६. अर्थ काय, तर उतू जाणं रोखणं, उदाहरणार्थ दुधाचं.

"म्हणजे माझ्या कल्पनेला सरकारी कप्पा आहे?" नाना खुर्चीत बसले.

मग शब्द बाजूला ठेवून नुसत्या क्रमांकावर शोध घेतला. इंग्रजी शब्दांना हाती न लागलेली जर्मन आणि फ्रेंच पातेली एकामागून एक पडद्यावर आली. नानांनी त्यांतल्या एका चित्राकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "झाकण माझं जास्त चांगलं आहे."

नव्या कल्पनेसाठी ते पुढच्या आठवड्यात परत आले, पण ती फुटेल म्हणून सांगायला तयार नव्हते. "तुम्ही शोधा तर खरं, सापडलं की मी हो म्हणेन."

किंवासाहेबांनी आता आधीच्या कामाचं बिल पुढे केलं. सवयीनं लिहिलं होतं, 'शुल्क किंवा मोबदला किंवा मानधन किंवा आभार'. नानांनी चष्मा लावून ते नीट वाचलं आणि मनापासून आभार मानले.