मुखपृष्ठावरील हात

स्वच्छ ऊर्जेकडे वळताना विकसनशील देशांना परकीय मदतीचा कितपत उपयोग होतो, याविषयी विद्वानांत तीव्र मतभेद असले, तरी त्या मदतीच्या अहवालाचे मुखपृष्ठ कसे असावे याविषयी मात्र जगभर एकवाक्यता आहे. त्यावर शेतात उभी असलेली एक स्त्री असते, तिचे लुगडे पिवळेधमक किंवा गुलाबी असते, तिचा उजवा हात सौर पॅनेलवर, म्हणजे शिवारात जिला सरसकट ‘प्लेट’ म्हणतात त्या काचेवर, टेकलेला असतो, आणि ती हसत असते.

प्रस्तुत विवेचनाचा विषय हा हातच आहे. कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीच्या शिवारात मे महिन्याच्या दुपारी प्लेट अशी तापते, की तिच्यावर हात ठेवणारा मनुष्य हसत नाही, आणि तो जे बोलतो ते अहवालात छापण्याजोगे नसते. तेव्हा या हास्याची उपपत्ती तीन प्रकारे लावता येते. एक, छायाचित्र पौष महिन्यात तांबडे फुटताना घेतले असावे. पण त्या वेळी प्लेट जवळपास काहीच वीज देत नाही. दोन, जन्मभर अद्रक आणि मका खुरपून त्या हाताला असे घट्टे पडले असावेत, की त्याला चटका जाणवत नाही. आणि तीन, तिला हसायला सांगितले असावे. पहिल्या दोन उपपत्ती अधिक शास्त्रीय वाटत असल्या, तरी अभ्यासकांचा कल तिसरीकडे आहे.

या हाताखालची प्लेट तिची असते, असाही समज चित्र पाहून होतो, आणि तो मुद्दाम होऊ दिला जातो. राज्यातील सौर कृषिपंप योजनेत पंप मिळतो तो सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या उताऱ्यावर, ज्याचे नाव असेल त्याला. पंपाची ताकदही क्षेत्रावरूनच ठरते, अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ एचपी आणि त्यापुढे साडेसात. जी बाई खुरपते, वेचते, रात्रीच्या पाळीला वीज आली की बॅटरी घेऊन बारे द्यायला जाते, तिचे नाव बहुतेक घरांच्या उताऱ्यावर नसते. म्हणजे मुखपृष्ठावर तीच, आणि अर्जावर मात्र ती कुठेच नाही. एवढी लबाडी सावकाराच्या वहीतही नसते, कारण सावकार निदान ज्याला पैसे दिले त्याचेच नाव लिहितो.

सावकाराचा उल्लेख येथे निष्कारण आलेला नाही. २००९ साली कोपनहेगन येथील हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी विकसनशील देशांसाठी २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले. तो आकडा प्रत्यक्षात २०२२ मध्ये गाठला गेला, आणि त्यातील सरकारी पैशाचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग कर्जाचा होता. धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्पही जर्मन विकास-कर्जावरच उभा राहिला. त्यातून वीज मिळाली हे मान्य करण्यात कमीपणा नाही, परंतु जे व्याजासह परत करायचे त्याला मदत म्हणून हार घालायचे, फलकावर देणाऱ्याची मुद्रा मिरवायची आणि फेडणाऱ्या जनतेने फलकासमोर उभे राहून टाळ्या वाजवायच्या, हा कुठला न्याय? त्यातही विकास-कर्ज डॉलरमध्ये असेल, तर रुपया घसरला की देणे वाढते, आणि २०१३ च्या आरंभी सुमारे ५५ रुपयांना मिळणारा डॉलर २०२४ संपताना ८५ च्या पुढे गेला होता. पॅनेल तेच, ऊन तेच, हप्ता मात्र वाढीव. शेतकऱ्याने अशा अटीवर कर्ज काढले असते, तर बँकेच्या साहेबाने त्याला अर्थसाक्षरतेच्या शिबिरात बसवले असते.

२०२४ मध्ये बाकू येथील हवामान परिषदेत श्रीमंत देशांच्या वचनाचा हा वार्षिक आकडा २०३५ पर्यंत ३०० अब्ज डॉलरवर नेण्याचे ठरले. त्यांपैकी किती अनुदान आणि किती कर्ज, हे त्या ठरावात लिहिलेले नाही.