फूटीवाले नाना

नाना मेलबर्नला गेले ते गुडघ्याला कॅप चढवून आणि परत आले ते काखोटीला लाल रंगाचा अंडाकृती चेंडू मारून. मुलाकडे सहा महिने राहून आलेली बाकीची मंडळी बोरिवलीत काय आणतात? चॉकलेटं, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि 'तिकडे कुणी हॉर्न वाजवत नाही' हे वाक्य. नानांनी ते वाक्य अजून एकदाही उच्चारलेलं नाही. वीर सावरकर उद्यानात आल्या दिवशीच त्यांनी कट्ट्याला प्रश्न टाकला, "फूटस्क्रे ऐकलंय का कुणी?" आमच्यातल्या एकाला तो पायाचा विकार वाटला. त्याने लगेच कांदिवलीच्या एका डॉक्टरचं नाव सुचवलं.

फूटस्क्रे हे मेलबर्नच्या पश्चिमेचं उपनगर. मुलाचं घर त्याच अंगाला, आणखी पुढे. तिथल्या संघाला आता 'वेस्टर्न बुलडॉग्ज' म्हणतात आणि तो जो खेळ खेळतो त्याला जग ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल म्हणतं, तिथली माणसं नुसतं 'फूटी' म्हणतात. नानाही 'फूटी'च म्हणतात, आणि तेही घरातल्या धाकट्या भाचीला हाक मारावी इतक्या मायेने.

हे वेड समजायचं तर नानांची नोकरी समजली पाहिजे. नाना कबड्डीतले डावे कोपरारक्षक. घोटापकड अशी, की चढाईपटूचा पाय सुटला तरी बूट नानांच्या हातात राहायचा. (त्या काळी मातीत सगळे अनवाणीच खेळायचे, ही शंका नानांसमोर काढायची नसते.) त्या घोट्यांच्या जोरावर ते एका राष्ट्रीयीकृत बँकेत खेळाडूंच्या कोट्यातून लागले. सकाळी मस्टरवर सही, दुपारी दोनला सराव. गुडघा गेला आणि खेळ थांबला तेव्हा साहेबांनी त्यांच्यासमोर लेजर उघडलं, तर नानांनी "हे कुणाचं?" असं विचारलं म्हणतात. पुढे त्याच बँकेतून साठाव्या वर्षी शाल, श्रीफळ आणि पेन्शन घेऊन ते निवृत्त झाले. २०१४ साली प्रो कबड्डी लीग आली तेव्हा ते निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. २०१८ च्या लिलावात मोनू गोयतला दीड कोटीच्या वर बोली लागली, त्या रात्री नाना जेवले नाहीत. पैशांचं दुःख नव्हतं म्हणे. "लिलाव गुरांचा होतो. आम्हाला बँकेने अर्ज भरायला लावला होता. तीन प्रतींत!"

दुसरी एक जुनी सल होती. कबड्डीच्या राज्य स्पर्धेत मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे म्हणून उतरतात. नाना उपनगरचे. त्यांच्या मते लालबाग-परळच्या शिंकेचीही बातमी होते, आणि बोरिवली-मुलुंड-घाटकोपरच्या माणसाने सात गडी एकट्याने बाद केले तरी पेपरवाले 'मुंबईचा खेळाडू' म्हणून मोकळे होतात.

आणि मेलबर्नला जाऊन बघतात तो काय, अख्खी लीगच उपनगरांची! कॉलिंगवूड, कार्लटन, रिचमंड, एसेंडन, हॉथॉर्न ही सगळी मोहल्ल्यांची नावं. १८९७ मध्ये आठ क्लबांनी सुरुवात केली, आज अठरा आहेत, त्यातले निम्मे एकट्या मेलबर्नमधले. अंतिम सामन्याला एमसीजीवर लाखभर माणूस जमतो आणि आदल्या शुक्रवारी राज्याला सार्वजनिक सुट्टी असते. सुट्टीचा मुद्दा निघाला की नानांमधला बँकवाला उठून उभा राहतो. "निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टखाली मिळते का, तेवढं मात्र विचारायचं राहिलं."

"कल्पना करा," ते म्हणतात, "अंधेरी विरुद्ध घाटकोपर! शहाजीराजे संकुल खच्चून भरलंय, मेट्रो वन जादा गाड्या सोडतेय." साउथ मेलबर्नचा संघ १९८२ मध्ये उचलून सिडनीला नेला, ही हकीकत सांगताना मात्र त्यांचा आवाज बसतो. "मुलुंडचा संघ नागपूरला नेला तर चालेल तुम्हाला?" मुलुंडला संघच नाही, असं बोलायचा धीर कुणाला होत नाही.

फूटस्क्रेने १९५४ ला अजिंक्यपद जिंकलं आणि त्यानंतर थेट २०१६ ला. "बासष्ट वर्षं! एवढा तर मी प्रमोशनलाही थांबलो नाही."

खेळ म्हणाल तर नाना तो दहा मिनिटांत समजावतात आणि पुढचे दोन तास उजळणी घेतात. दोन्हीकडे अठरा-अठरा खेळाडू, क्रिकेटचं लंबगोल मैदान, टोकाला चार-चार खांब. मधल्या दोघांतून लाथेने चेंडू गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर 'बिहाइंड', एक गुण. नेम चुकल्याबद्दलही गुण देणारा खेळ सरकारी माणसाला आवडला नाही तरच नवल. चेंडू हाताने फेकायचा नाही, एका तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. घेऊन पळायचं असेल तर पंधरा मीटरच्या आत जमिनीवर टेकवायचा. मधल्या फळीतला गडी एका सामन्यात बारा-तेरा किलोमीटर पळतो. "म्हणजे बोरिवली ते अंधेरी. आणि वाटेत प्रत्येक स्टेशनावर कुणीतरी अंगावर येतंय." हे मात्र आमच्यातल्या प्रत्येकाला, लोकलच्या कृपेने, एका झटक्यात पटलं.

पण नाना रमतात ते खेळाडूच्या नोकरीत. तिथे लिलाव नाही, 'ड्राफ्ट' आहे. अठरा वर्षांची पोरं नोव्हेंबरात समोर येतात आणि क्लब आळीपाळीने निवडतात. पहिला मान शेवटच्या नंबराच्या संघाला. पोराला क्लब निवडता येत नाही, पर्थच्या मुलाला मेलबर्न लागलं तर त्याने मुकाट बॅग भरायची. "बदली!" नाना मांडीवर थाप मारतात. "मला जव्हार लागलं होतं, रद्द करून घेताना जीव गेला."

त्याहून त्यांचं आवडतं कलम बाप-लेकाचं. बापाने एखाद्या क्लबकडून शंभर सामने खेळले असतील, तर पोरावर त्या क्लबचा पहिला हक्क. बुलडॉग्जमध्ये तर डेव्हिड डार्सी, त्याचा मुलगा ल्यूक आणि नातू सॅम अशा तीन पिढ्या खेळल्या. "आपल्याकडे अनुकंपा तत्त्वावर घ्यायला बाप मरावा लागतो," नाना म्हणतात. "तिथे नुसते शंभर सामने भरले की झालं."

या साऱ्यात आपला माणूस शोधणं ओघाने आलंच. वेस्ट कोस्ट ईगल्सच्या डॅनियल करचे वडील रॉजर हे कोलकात्यात जन्मलेले, आणि फुटबॉलमध्ये नाव काढणारी सॅम कर ही डॅनियलची सख्खी बहीण. २००६ चं अजिंक्यपद ईगल्सनी एका गुणाने जिंकलं, त्यात डॅनियल होता. नाना हे अभिमानाने सांगतात, पण शेवटी चुकचुकतात. कोलकात्याऐवजी कणकवली असती तर काय बिघडलं असतं, असा एकंदर सूर.

मग येतो नानांचा लाडका निष्कर्ष. फूटीवाल्याचा करार दोन-तीन वर्षांचा. गुडघ्याचं लिगामेंट गेलं की वर्ष गेलं. डोक्याला मार लागून चक्कर आली की किमान बारा दिवस घरी. हंगाम संपला की नारळ देतात, आणि तोही शालीशिवाय. फार नशीबवान असेल तो पस्तिशीपर्यंत टिकतो, आणि अखेरच्या सामन्यानंतर सहकारी त्याला खांद्यावर बसवून बाहेर नेतात. "पस्तिशीला बाहेर! मी साठीपर्यंत टिकलो. आता सांगा, खरा प्रोफेशनल कोण?"

"खांद्यावर बसवून नेण्याइतके हलके नव्हता, म्हणून ठेवून घेतलं," नानी आतून म्हणतात. मेलबर्नला सहा महिने नातवाला त्यांनी सांभाळलं. नाना टीव्हीसमोर सांभाळले गेले.

लाल चेंडूचं पुढे व्हायचं तेच झालं. अंडाकृती वस्तू टप्पा पडल्यावर कुठे जाईल हे ती घडवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पार्किंगमध्ये तिने आधी वॉचमनची खुर्ची, मग खजिनदारांच्या गाडीचा आरसा आणि शेवटी पहिल्या मजल्यावरची वाळत घातलेली कुरडई गाठली. नोटीस लागली. नानांनी ती वाचली, व्याकरणाची चूक पेनाने सुधारली आणि चेंडू शोकेसमध्ये ठेवला.

पण ड्राफ्ट त्यांच्या डोक्यातून गेला नाही. सोसायटीच्या कबड्डीत संघ विंगचेच, पण खेळाडू विंगवार नकोत, २६ जानेवारीच्या स्पर्धेत शेवटचा येणाऱ्याने गणपतीतल्या स्पर्धेसाठी पहिला खेळाडू निवडायचा, असा ठराव त्यांनी मंजूर करून घेतला. कांदिवलीच्या साई केंद्रात सराव करणारा एक पोरगा नुकताच भाड्याने राहायला आला होता, त्याच्यावर सगळ्यांचा डोळा. परिणामी सी आणि डी विंगमध्ये शेवटच्या नंबरासाठी जी चुरस झाली, तशी अंतिम सामन्यातही कधी झाली नव्हती. चढाईपटू मध्यरेषा ओलांडताच 'कबड्डी' म्हणायचं विसरू लागले. एकाने प्रतिस्पर्ध्याच्या कोपरारक्षकाला "धर रे, धर" असं हळूच सुचवलं. नाना रेषेवर बसून कपाळ बडवत होते.

ड्राफ्टच्या दिवशी ए विंगमधून अध्यक्ष उठले. बाप-लेकाचं कलम त्यांनी बरोबर लक्षात ठेवलं होतं. सामने नाही, पण आपण कमिटीच्या शंभराहून जास्त सभा भरवल्यात, तेव्हा आपल्या चिरंजीवांवर ए विंगचा हक्क. सेक्रेटरींनी इतिवृत्ताची वही उघडली. सभा शंभराच्या वर होत्या खऱ्या, पण निम्म्याहून अधिक कोरमअभावी तहकूब. सगळे नानांकडे बघू लागले. नानांनी चष्मा पुसला, बँकेत चेक परत करताना असायचा तसा चेहरा केला आणि निकाल दिला :

"भरलेली सभा सहा गुण. तहकूब म्हणजे बिहाइंड. एक."