घरबसल्या व्हिसा : अर्जदाराने पाळावयाची पथ्ये

ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, ही जाहिरात खरी आहे. घरी किती वेळ बसावे लागते, एवढेच तिच्यात सांगितलेले नसते. पूर्वी वकिलातीच्या खिडकीपलीकडे एक माणूस असे. "इथे सही राहिलीय," म्हणत तो फॉर्म परत सरकवी. त्याचा राग येई, पण चूक तिथल्या तिथे कळे. आता त्याला काढून ती जागा अर्जदारालाच देण्यात आली आहे, अर्थात बिनपगारी. फॉर्म त्यानेच भरायचा, त्यानेच तपासायचा आणि नजरचुकीने काही राहून गेले असेल तर ते विमानतळावर कळेल, याची मनाची तयारी ठेवायची.

अभ्यासासाठी व्हिएतनाम घेऊ. मुंबईहून थेट विमाने सुरू झाल्यापासून निम्मी सोसायटी तिकडे जाऊन आली आहे आणि उरलेली निम्मी जायच्या बेतात आहे. शिवाय दर सरळ आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून हा देश ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा देतो. एकदाच प्रवेश करायचा असेल तर २५ डॉलर, पुन्हापुन्हा करायचा असेल तर ५०. व्हिसा नाकारला गेला तरी फी परत मिळत नाही.

पहिले काम म्हणजे सरकारी संकेतस्थळ ओळखणे. 'व्हिएतनाम व्हिसा' असे शोधले की सगळ्यात वर जी स्थळे येतात त्यांवर कमळ असते, पिवळा तारा असतो, गरुडछाप शिक्क्यासारखे काहीतरी असते आणि 'अर्जंट' हा शब्द लाल अक्षरांत असतो. खऱ्या सरकारी स्थळाला एवढा उत्साह परवडत नाही. ते साधे, थोडे संथ आणि इंग्रजीशी अंतर राखून असते. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट व्हीएन' आहे ना, एवढे पाहावे. बाकीची मंडळी तोच फॉर्म तुमच्या वतीने भरतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. एजंटगिरीत वावगे काही नाही. आपण एजंटाकडे आलो आहोत हे अर्जदाराला ठाऊक असले म्हणजे झाले.

मग फोटो. चष्मा काढून, समोर बघत, मागे कोरी भिंत ठेवून काढावा. मराठी मध्यमवर्गीय घरात कोरी भिंत शोधणे हा या विधीतला खडतर भाग. जिथे घड्याळ नाही तिथे कॅलेंडर असते, जिथे कॅलेंडर नाही तिथे स्विचबोर्ड, आणि जिथे दोन्ही नाहीत तिथे नातवाने खडूने काढलेला हत्ती. अशा वेळी कुटुंबातील दोघांनी पांढरी चादर ताणून धरावी. धरणाऱ्यांची बोटे फोटोत येतात. ती कापून टाकावीत, म्हणजे फोटोतून.

नाव लिहिताना घाई करू नये. शाळेपासून आपल्याला स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाची सवय असते. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि उरलेली दोन्ही नावे दुसऱ्या रकान्यात एकत्र असतात. शंका आल्यास फोटोच्या पानाच्या तळाशी जाऊन पाहावे. तिथे बाणाच्या टोकांनी भरलेल्या दोन ओळी आहेत, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. यंत्र त्याच वाचते, म्हणून फॉर्ममधले नाव त्यांच्याशी जुळायला हवे. लग्नानंतर बदललेले नाव, पत्रिकेतले नाव, बँकेने स्वतःच्या मनाने ठेवलेले नाव, ही सारी इथे गैरलागू. पासपोर्ट क्रमांकात शून्य की ओ, यावरून घरात वाद झाला तर तो मिटवणे सोपे आहे : भारतीय पासपोर्टच्या क्रमांकात पहिले एक अक्षर आणि पुढे सात आकडे असतात. म्हणजे पहिल्या जागेनंतर जे गोल दिसते ते शून्यच.

व्हिएतनामी फॉर्म धर्मही विचारतो. विचारवंत अर्जदाराने या रकान्यापाशी आत्मपरीक्षण करीत बसू नये. पानाची मुदत संपते आणि पहिल्यापासून सगळे भरावे लागते.

पुढे मुक्कामाचा पत्ता. इथे भूगोलाची परीक्षा आहे. १ जुलै २०२५ रोजी व्हिएतनामने ६३ प्रांतांचे ३४ केले आणि जिल्हा हा स्तरच काढून टाकला. कंदिलांसाठी प्रसिद्ध असलेले होई आन तोवर क्वांग नाम प्रांतात होते. ते आता दा नांग शहरात मोडते. हॉटेलच्या जुन्या पावतीवरचा क्वांग नाम फॉर्मच्या नव्या यादीत शोधत बसलेल्या अर्जदाराने धीर सोडू नये. प्रांत नाहीसा झाला आहे, हॉटेल नव्हे.

तारखेचा हिशेब उतरण्याच्या दिवसाने करावा, निघण्याच्या नव्हे. मुंबईहून रात्री सुटलेले विमान तिथे दुसऱ्या दिवशी उतरते आणि तिकडचे घड्याळ दीड तास पुढे असते. व्हिसा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी पोहोचणाऱ्याचे कौतुक होत नाही. त्याहून मोठी मेख पंचवीस आणि पन्नास डॉलरच्या मधोमध आहे. सायगॉनपर्यंत आलोच आहोत तर दोन दिवस कंबोडियात अंगकोर वाट पाहून येऊ, असे सहलीच्या मध्यावर कोणाला तरी सुचतेच. जाता येते, अंगकोर वाट दिसतेही उत्तम. पण एकदाच प्रवेशाचा व्हिसा तिथे संपतो. मग परतीचे तिकीट हनोईहून, सामान सायगॉनच्या हॉटेलात आणि मंडळी अंगकोरजवळच्या सिएम रीपमध्ये नवा फॉर्म भरीत बसलेली. लांबचा दौरा असेल तर पंचवीस डॉलर वाचवायला जाऊ नये.

पैसे भरण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार चालू आहेत का ते बघावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डावर ते मुळात बंदच असतात. चालू केल्यावाचून भरलेले पैसे जात नाहीत, पण पैसे गेले नाहीत हे स्क्रीन चटकन सांगतही नाही. तिथे फक्त एक चक्र फिरत राहते. त्या वेळी पुन्हा बटण दाबू नये, आणि घरातल्या जाणकारालाही दाबू देऊ नये.

उत्तर तीन दिवसांत येते. दिवस कामकाजाचे मोजायचे. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत तेत हा तिथला नववर्षाचा सण असतो. तेव्हा कचेऱ्या दिवसच्या दिवस बंद असतात आणि व्हिसावाला अधिकारीही गावी गेलेला असतो. व्हिसा आला की कागदावर छापून घ्यावा आणि पासपोर्टशेजारी धरून एकेक अक्षर ताडून पाहावे. हे काम विमान कंपनीचा माणूस चेक-इनला करणारच आहे. चुकीच्या कागदपत्रांचा प्रवासी नेला तर त्याला परत आणण्याचा भुर्दंड कंपनीला पडतो. म्हणून तो 'टायमॅटिक' नावाच्या नियमकोशात पाहून खात्री करतो आणि त्याच्याशी हुज्जत घालून उपयोग होत नाही.

व्हिसा लागतच नाही अशा देशांना निघालेल्यांनीही हुरळून जाऊ नये. थायलंड भारतीयांना व्हिसाविना येऊ देते, पण १ मे २०२५ पासून पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र भरावे लागते. ते फुकट आहे, आणि फुकट गोष्टीचे पैसे घेणारी संकेतस्थळेही आहेत. केनियाने २०२४ च्या जानेवारीत व्हिसाच रद्द केला आणि त्याऐवजी आधी अर्ज करून, पैसे भरून मिळवायची इलेक्ट्रॉनिक परवानगी आणली.

परदेशी सरकारांना नावे ठेवून झाली असतील, तर न्यू जर्सीतल्या नातवाचा भारताचा ई-व्हिसा काढायला बसावे. परदेशस्थ भारतीयांचे ओसीआय कार्ड नसलेल्या अमेरिकी नातवंडांना तो लागतो. २०१४ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या या सोयीचा फॉर्म चौकस आहे. आई-वडिलांचे जन्मगाव, शरीरावरची ओळखीची खूण, गेल्या दहा वर्षांत पाहिलेले देश, भारतातल्या ओळखीच्या माणसाचे नाव-पत्ता-फोन आणि आजी-आजोबांपैकी कोणी पाकिस्तानी होते का, हे सगळे त्याला हवे असते. फोटो चौकोनी आणि जेपीजी, पासपोर्टचे पान मात्र पीडीएफ, तेही ३०० केबीच्या आत. अर्थातच ओळखीचा माणूस म्हणून सांगलीच्या आजोबांचे नाव पडते. त्यांनी मुलाच्या जन्मगावाचे, म्हणजे कवठे महांकाळचे, पासपोर्टवरचे स्पेलिंग कागदावर लिहून उशाशी ठेवावे आणि फोनचा आवाज मोठा करून झोपावे. पीडीएफ ३०० केबीत बसत नाही हे सुनेला न्यू जर्सीतल्या भरदुपारी कळते.